डाव्या हाताची काट

सलग सात रविवार मी तीन पत्तीत हरलो नाही. पुढं गावात सांगताना मी सातचे सतरा करायचो, आणि स्टँडवर तुळजापूरच्या यात्रेकरूंची गर्दी असली की सत्तावीससुद्धा. माझ्या बोलण्यातून रुपयाला आठ आणे वजा करायचे असा धाराशिवात शिरस्ताच होता. लोक वजा करूनही ऐकायला यायचे, तीच माझी कमाई. पण इथं लिहितोय ते वजा न करता वाचा. रविवार सातच होते. त्या सातांच्या मधल्या एका शनिवारी मी एक थाप मारली, तीन शब्दांची, माझ्या आयुष्यातली सगळ्यांत लहान. आणि तेवढीच एक लोकांनी खरी मानली.

ज्यांना मारली ते मास्तर आता नाहीत, म्हणून लिहायचं धाडस करतोय.

मी तेव्हा मोटार स्टँडवर बुकिंगच्या खिडकीत बसायचो. गाव कागदावर उस्मानाबाद आणि तोंडात धाराशिव. मराठवाडा निजामाकडून सुटला, मग मुंबई राज्यात गेला, मग महाराष्ट्रात आला, आणि या सगळ्या काळात आमचा डाव माझ्या घरात त्याच एका सतरंजीवर चालला होता. फरक एवढाच पडला की निजामाच्या वेळी सुट्टी शुक्रवारी असायची म्हणून डाव शुक्रवारी असायचा. विलीनीकरणानंतर सुट्टी रविवारवर गेली, तिच्या मागोमाग डावही गेला. राज्यं बदलली म्हणून आमच्यावर झालेला परिणाम तो इतकाच, असं मी म्हणायचो.

आम्ही चौघं. एक मी. दुसरा सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर. त्याला आम्ही डॉक्टर म्हणायचो आणि तो ते मनावर घ्यायचा. तिसरा तेरखेड्याचा फटाकेवाला. रविवारच्या बाजाराला पाटीभर माल घेऊन यायचा, दुपारपर्यंत विकायचा आणि परतीच्या गाडीची वेळ होईस्तोवर आमच्यात बसायचा. त्याच्या भुवया कायम जळलेल्या. उगवल्या की पुन्हा जळायच्या. एकदा माझ्या घरात बिडी पेटवताना तो खिशातून काडेपेटी काढायच्या ऐवजी लवंगी फटाक्यांची पुडी काढून बसला होता. तेव्हापासून माझ्या बायकोनं त्याला बिडी ओढायला अंगणात धाडायची पद्धत पाडली.

चौथे मास्तर. उर्दू शाळेत शिकवायचे. काळी शेरवानी, धुऊन धुऊन वांग्याच्या रंगाची झालेली, आणि कोपरापर्यंत खडूची भुकटी. माणूस एकटा. शाळेच्या मागं एक खोली, एक चूल, एक खाट. त्यांना या जगात एक आपा होती, मोठी बहीण. गुलबर्ग्याच्या अलीकडं एका खेड्यात राहायची. आईबाप एकाच साथीत गेले तेव्हा मास्तर चार वर्षांचे आणि आपा चौदाची. तिनं शेवया वळून, विकून त्यांना शिकवलं. राज्यांची फेररचना झाली तेव्हा तिचं खेडं म्हैसूर राज्यात गेलं. मास्तर म्हणायचे, "क्या बाबूसाब, माझी आपा खाटेवरनं न उठता परमुलखात गेली."

दर ईदेला आपा शेवयांचा डबा गाडीच्या ड्रायव्हरपाशी द्यायची. उमरग्याला गाडी बदलून तो डबा धाराशिवला माझ्या खिडकीत यायचा. डब्यात वरच्या बाजूला कागदात बांधलेली एक वेगळी जुडी असायची. ती माझी. मास्तर सांगायचे, आपा तुम्हाला खिडकीवाला भाई म्हणते. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण दहा-बारा वर्षं तिच्या हातच्या शेवया खाल्ल्या होत्या.

आमचा डाव चिंचोक्यांवर. प्रत्येकाला शंभर मोजून द्यायचे. उठताना ज्याच्यापाशी सगळ्यांत कमी, त्यानं पुढच्या रविवारी खव्याचे पेढे आणायचे. ज्याच्यापाशी सगळ्यांत जास्त, त्यानं नुसती फुशारकी मारायची. फुशारकी मारायला मला जिंकायची गरज पडत नसे, पण जिंकल्यावर ती जास्त खुलते हे मला त्या वर्षी कळलं.

पहिला रविवार तसा साधाच उगवला. मी पत्ते पिसले आणि काटायला मास्तरांपुढं धरले. पिसणाऱ्याच्या शेजाऱ्यानं गड्डी काटायची, मग वाटायचं, ही रीत. मास्तरांच्या उजव्या हातात पेढा होता. बोटं तुपकट, म्हणून त्यांनी डाव्या हातानं गड्डी उचलली आणि म्हणाले, "घ्या, नसीब तुमचं."

मला तीन राजे आले.

पुढच्या डावात रन आली, त्याच्या पुढं कलर. संध्याकाळपर्यंत सतरंजीवर माझ्यापुढं चिंचोक्यांचा असा ढीग लागला की पलीकडचा फटाकेवाला दिसेना. हे वजा करूनच घ्या. पण तिघांचे मिळून जेवढे होते त्यातले बरेचसे माझ्याकडं आले, हे खरं.

दुसऱ्या रविवारी मास्तरांनी उजव्या हातानं काटलं तर मी हरू लागलो. फटाकेवाल्याच्या ध्यानात आलं. "मास्तर, मागल्या टायमाला तुमी डाव्यानं काटलंतं. डाव्यानं करून बघा की." मास्तर हसले आणि डाव्यानं काटलं. मला एक्क्यांची जोड आली. झालं. त्या दिवसापासून नियम ठरला. पत्ते कुणीही पिसो, काट मास्तरांची, डाव्या हाताची, आणि काटताना "घ्या, नसीब तुमचं" हे म्हणायचंच. डाव्या हातानं दिलेला प्रसाद कुणी घेत नाही. मी मात्र त्या डाव्या हाताकडं चातकासारखा बघत बसायचो.

खरं म्हणजे त्यानं इतरांचंही नशीब उघडायला हवं होतं. कंपाउंडरनं ही शंका काढलीही. मी त्याला म्हणालो, "डॉक्टर, औषध एकच असतं, पण लागू पडायला रोगी चांगला लागतो." तो पत्ते पिसायला लागला.

मग बाकीचे सोपस्कार आपोआप जमले. मी भिंतीतल्या कोनाड्याखालीच बसायचं, पाठ सैपाकघराकडं. अंगात तोच निळ्या रेघांचा सदरा, न धुता. चौथ्या रविवारी बायको म्हणाली, "आवो, त्या सदऱ्याला आता पाय फुटतील. एखाद्या दिशी तुमच्या आधी तोच जाऊन सतरंजीवर बसंल." मी हसलो. तीही हसली. घरात तोवर हसू होतं.

गावात बोभाटा मीच केला. खिडकीत तिकीट फाडता फाडता प्रत्येकाला सांगायचो. ढोकीला जाणारा असो नाहीतर लातूरला, त्याला तिकिटासोबत माझा एक डाव फुकट मिळायचा. परिणाम असा झाला की रविवारी दुपारी माझ्या घराच्या खिडकीच्या गजांना दोन-चार टाळकी चिकटलेली दिसू लागली. बाजारातून जाता जाता लोक डोकवायचे. "चाललंय का?" "चाललंय." एवढंच विचारून जायचे. त्याआधी आयुष्यात मला कुणी कशासाठीच बघितलं नव्हतं. खिडकीच्या आतला माणूस कोण बघतो? लोक चेहऱ्याकडं न बघता भोकातून पैसे सारतात. आता लोक खिडकीपाशी थांबत होते आणि मी आत बसून जिंकत होतो. त्याची नशा दारूपेक्षा वाईट. दारू निदान सकाळी उतरते.

पाचव्या आठवड्यात कार्ड आलं.

मास्तरांनी ते रविवारी डाव मांडायच्या आधीच वाचून दाखवलं. उर्दूत होतं, ते मराठीत सांगत गेले. भाच्यानं लिहिलेलं, सांगणारी आपा. तिला पंधरा दिवस ताप येतोय, अन्न जात नाही, बाकी सगळं ठीक. शेवटी लिहिलं होतं, जमलं तर एकदा येऊन जा, तुला बघावंसं वाटतं.

"शनवारी जातो म्हणतोय," मास्तर म्हणाले. "दुपारी शाळा सुटली की तुमची गाडी. रात्री उमरग्यात पडतो, सकाळी पुढची धरतो. सोमवारच्याला परत. मधल्या वारी रजा नाय मिळत, तपासणी हाय."

म्हणजे पुढचा रविवार मास्तरांशिवाय. म्हणजे डावा हात नाही. सतरंजीवरच्या सगळ्यांची नजर माझ्याकडं आली, आणि मी ती नजर घेतली. दोष दुसऱ्यावर ढकलायचा असता तर इथं जागा होती. पण बोललो मीच.

"मास्तर, जमलं तर असं लिहिलंय ना? जमलं तर म्हणजे घाई नाही. घाई असती तर तार आली असती. पावसापाण्याचा ताप, येतो आणि जातो. काय डॉक्टर?"

कंपाउंडर म्हणाला, "कार्डावरनं नाडी कशी बघू?" मग माझ्याकडं पाहून म्हणाला, "पण हल्ली ताप लई चाललेत. उतरतात."

मास्तर कार्डाकडं बघत राहिले. "आपा कधी बोलावत नाही," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलावलं."

"मग हा एक शनिवार सोडा, पुढच्याला जा. पहिल्या नंबरची सीट देतो, ड्रायव्हरच्या मागची. राजासारखं बसून जा."

मास्तर माणूस असा की कुणाचं मन मोडायची वेळ आली की स्वतःचंच मोडायचे. कार्ड शेरवानीच्या खिशात घातलं आणि डावा हात पुढं केला. "घ्या, नसीब तुमचं." त्या रविवारीही मी जिंकलो. फटाकेवाल्यानं जाताना अंगणात लवंगीची एक सर उडवली. मास्तर कानांवर हात ठेवून उभे होते.

तो शनिवार तसाच गेला, त्याच्या पाठचा रविवार मी जिंकला. हा सहावा. मग ठरलेला शनिवार आला.

दुपारी शाळा सुटल्यावर मास्तर स्टँडवर आले. हातात पिशवी, पिशवीतून मोसंब्यांचा वास येत होता. शेरवानीला इस्त्री केलेली. रांगेत उभे राहिले. ओळखीचा म्हणून मधे घुसले नाहीत. माझ्यापुढं चार्ट होता. पस्तीस जागांची गाडी, आणि चार्टवर तेव्हा अकरा खुणा होत्या. हा आकडा मी कधीच फुगवला नाही आणि कमीही केला नाही. अकरा.

रांग सरकत होती. मी तिकिटं फाडत होतो आणि डोक्यात एवढंच चाललं होतं की उद्या सातवा. सहा झाले आणि उद्या सातवा. काल एक जण खास विचारून गेला होता की सातवा झाला तर हार घालू का. हे लिहिताना माझं मलाच खरं वाटत नाही. एका हाराचा वायदा. तोही फुलांचा, पैशाचा नाही.

मास्तर खिडकीपाशी आले. वाकून आत बघितलं, हसले. "सलाम बाबूसाब. पहिली सीट म्हणला होता."

मी चार्टवर तळहात ठेवला.

"गाडी भरली मास्तर," मी म्हणालो.

एवढंच. कुठं पौर्णिमा नाही, कुठं जत्रा नाही, वऱ्हाड नाही. एरवी मी एका शिंकेला पाच कारणं जोडणारा माणूस. त्या दिवशी एकही जोडलं नाही, आणि म्हणूनच बहुतेक ते खरं वाटलं.

"पूरी?" त्यांनी विचारलं.

"पूर्ण."

त्यांनी क्षणभर माझ्या तळहाताकडं बघितलं. हात काढा म्हणाले असते तर काय केलं असतं, याचा विचार मी पुढं पुष्कळ वर्षं केला. ते म्हणाले, "तुमी तरी काय करणार. लोकाला बी जायचंय." मग पिशवीतून दोन मोसंबी काढून खिडकीच्या भोकातून आत सारली. "ही घ्या. आठवडाभर ठेवून सुकतील."

गाडी लागायच्या आतच ते निघून गेले. थांबले असते तर दिसलं असतं.

रविवारी मी सातवा जिंकलो. हार आला. शेवंतीचा होता आणि ओला. सदऱ्याला पाणी लागलं तेवढंच त्याचं धुणं. मास्तरांनी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचं लक्ष डावात नव्हतं, चांगले पत्तेही टाकून देत होते. ते सगळ्यांत कमी चिंचोक्यांवर उठले. पेढे आणायची पाळी त्यांची लागली.

"पुढच्या रविवारी नसलो तर पेढे उधार," ते म्हणाले. "शनवारी जातोच."

"पहिली सीट," मी म्हणालो.

आता माझी बायको. तिचा धाकटा भाऊ उमरग्याकडचा. मी मास्तरांना गाडी भरली म्हणालो त्याच शनिवारी कोर्टाचं काम उरकून तो आमच्याकडं जेवला होता आणि दुपारच्या गाडीनं परत गेला होता. त्याला तिकीट मीच फाडून दिलं होतं, सकाळीच, घरून निघताना. मला त्याची आठवणसुद्धा राहिली नव्हती. पुढच्या शुक्रवारी तो पुन्हा तारखेला आला. जेवता जेवता म्हणाला, "दाजी, ह्या टायमाला बी तसलीच गाडी द्या. मागल्या खेपेला लई मोकळी होती. पाय पसरून झोपून गेलो उमरग्यापर्यंत."

मी म्हणालो, "बरं."

बायको भाकरी थापत होती. तिचा हात थांबला, मग परत चालू झाला. भाऊ हात धुवायला अंगणात गेला तेव्हा ती तव्याकडं बघतच बोलली.

"मास्तर तर म्हणले गाडी भरली. रविवारी माझ्यापाशी बोलले. म्हणले, वैनी, बाबूसाबनं लई खटपट केली."

मी भाकरीचा तुकडा मोडला.

"म्हंजी तुमी सांगितलंत."

"उद्या पाठवतोय," मी म्हणालो. "पहिली सीट धरून ठेवलीय."

"त्या चिंचोक्यासाठी?" तिनं विचारलं. आवाज चढला नव्हता. "घरात पोतंभर चिंच फोडती म्या. सांगितलं असतंत तर परात भरून दिलं असतं."

त्या रात्री तिनं सदरा उचलून बादलीत टाकला. मी अडवलं नाही.

शनिवारी मी चार्ट उघडला आणि सगळ्यांत आधी एक नंबरवर खूण केली. त्या दिवशी गाडीला खरंच गर्दी होती. तीन माणसं उभ्यानं जायला तयार होती. एक म्हातारी म्हणाली, "लेकरा, ती पुढची जागा मोकळी दिसतीय की." मी म्हणालो, "धरलेली आहे आजी." ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. मी खिडकी सोडून रस्त्यापर्यंत जाऊन बघून आलो. पाच मिनिटं थांबवली गाडी, मग दहा. शेवटी कंडक्टरनं दोरी ओढली. म्हातारी त्या जागेवर बसून गेली.

मी शाळेकडं गेलो. मागच्या खोलीला कुलूप. शिपाई ओट्यावर बसला होता. म्हणाला, "मास्तरला आज तांबडं फुटायच्या आधी तार आली. ढोकीहून उसाच्या मळीचा ट्रक उमरग्याकडं चालला होता, त्याच्या टपावर बसून गेले. तुमची गाडी दुपारी असती म्हणले, तोवर दम निघत नाही."

आपा शुक्रवारी गेली होती. बायको भाकरी थापत होती, साधारण त्याच वेळी. त्यांच्यात मातीला उशीर करत नाहीत. मास्तर पोचले तेव्हा कबरीवरची माती ओली होती. एवढंच त्यांना बघायला मिळालं.

तो आणि त्याच्या पुढचा, दोन्ही रविवार डाव झाला नाही. मास्तर दहा दिवसांनी परत आले ते आधी माझ्याकडं आले, स्टँडवर, रांगेत उभे राहून. हातात शेवयांचा डबा. म्हणाले, "घरात वाळत घातलेल्या होत्या. तिनंच वळलेल्या. भाच्यानं बांधून दिल्या, तुमची जुडी बी हाय."

मी डबा आत घेतला. हातांना काहीतरी काम हवं होतं म्हणून उघडला. जुडी वरच होती.

"बाबूसाब," ते म्हणाले, "भाचा सांगत होता. शेवटल्या दोन रविवारी आपा सकाळपासनं दाराकडं तोंड करून पडायची. गाडी येऊन गेली की लोक म्हणायचे, मास्तर आला नाही. तर आपा त्यानला म्हणायची, गाडी भरली असंल. जागा नसंल मिळाली. नाहीतर तो न येता राहायचा नाही." मास्तरांनी शेरवानीच्या बाहीनं तोंड पुसलं. "मी भाच्याला म्हणलो, खरंच भरली होती बाबा. खिडकीत माझा दोस्त असतो. जागा असती तर त्यानं दिली असती."

रांगेतला मागचा माणूस म्हणाला, "चला की पुढं." मास्तर बाजूला झाले. मी लातूरचं एक तिकीट फाडलं, ते चुकीचं फाडलं, परत फाडलं.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. म्हणालो, मी आत्ता जातो आणि त्यांना खरं सांगून टाकतो. मला वाटलं ती हो म्हणेल. दोन आठवडे ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. घरी कुणी आलं की चहा करायची तो आलेल्यांपुढं ठेवायची आणि माझ्या वाट्याचा नसायचा. एरवीही माझा चहा मीच करून घेत होतो.

तिनं शेवयांची जुडी पुन्हा कागदात बांधली. मग म्हणाली, "नका सांगू."

"का?"

"सांगून तुमचं वझं उतरंल. आन् त्येच्यावर चढंल. ती बाई गाडी भरली म्हणून समाधानानं गेली. भावाला बी तेवढाच आधार हाय. तेवढा बी काढून घेता का आता?" जुडी डब्यात ठेवत म्हणाली, "ठेवा तुमच्यापाशीच. तुमी लई बोलता. हे एक नका बोलू."

त्या रविवारी मास्तर डावाला आले. येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. हातात पेढ्यांची पुडी, राहिलेल्या पाळीची. फटाकेवाला म्हणाला, "मास्तर, कशाला वो आणायचे असल्या टायमाला." मास्तर म्हणाले, "उधारी नको. आपाला आवडत नव्हती."

खिडकीच्या गजांना दोन टाळकी होतीच. आठवा होतो का बघायला आलेली. मी कोनाड्याखाली बसलो, धुतलेल्या सदऱ्यात. पाठ सैपाकघराकडं. कंपाउंडरनं पिसलं आणि गड्डी मास्तरांपुढं धरली. मास्तरांनी उजवा हात पुढं केला. मग त्यांना आठवलं. तो मागं घेतला आणि डावा पुढं केला.

"घ्या," ते म्हणाले. पुढचं म्हणाले नाहीत.

मी पत्ते उचलले. तीन सत्त्या.

थाप मारायची असती तर एक्के म्हणालो असतो. सत्त्याच होत्या, बदामाची, किलवरची आणि इस्पिकची. चौकट तेवढी बाहेर. पण त्या सतरंजीवर त्या दिवशी त्यांच्या वरचं कुणापाशी काही नव्हतं, हे मला माहीत होतं, जसं तहानलेल्याला पाणी कुठं आहे ते कळतं. मधल्या ढिगात चिंचोके पडत गेले. फटाकेवाल्यानं टाकून दिले. कंपाउंडर एक चाल पुढं गेला आणि थांबला. राहिले मास्तर आणि मी. मास्तर आपल्या पत्त्यांकडं बघत होते. कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर डाव दिसत होता. गजांतलं एक टाळकं म्हणालं, "बाबूसाब, होऊ द्या."

मी तिन्ही पत्ते पालथे टाकले.

"टाकले?" कंपाउंडर म्हणाला.

"काही नव्हतं," मी म्हणालो.

मास्तरांनी आपले दाखवले. चौक्यांची जोड. ते ढिगाकडं बघून गोंधळले, मग दोन्ही हातांनी चिंचोके स्वतःकडं ओढले. "बाबूसाब, नसीब फिरलं की तुमचं," ते म्हणाले, आणि थोडंसं, ओठांच्या एका कोपऱ्यानं, हसले. फटाकेवाला म्हणाला, "संपलं बगा." गजांतली टाळकी निघून गेली. बाजारात बातमी माझ्याआधी पोचली.

पुढं लोक विचारायचे, कसं हो मोडलं? मी वेगवेगळं सांगायचो. पाल पडली, सदरा धुतला, म्हैसूरकडून वारा सुटला. लोक आठ आणे वजा करून हसायचे. गाडी मात्र खरंच भरलेली असली तरी त्यानंतर मी तोंडानं कधी सांगितलं नाही. चार्ट फिरवून समोर धरायचो. तुम्हीच बघा म्हणायचो. लोकांना वाटायचं बाबूला चढलीय.

त्या रविवारी मात्र पत्ते पालथे पडल्यावर माझ्या पाठीमागं बांगड्या वाजल्या. बायको सैपाकघराच्या दारात कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. माझी पाठ तिकडं आणि हातातले पत्ते तिच्या समोर, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. ती आत गेली. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. मग ती ताटली घेऊन आली, एक कप मास्तरांपुढं ठेवला, एक डॉक्टरपुढं, एक फटाकेवाल्यापुढं, आणि चौथा माझ्यापुढं.

मी प्यायलो. त्यात साखर घालायची राहिली होती, की घातलीच नव्हती, ते मी विचारलं नाही.